डोळ्यांचा डॉक्टर कसा निवडावा?

भेंडी घेताना आपण तिचे टोक मोडून पाहतो. बैल घेताना त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. मुलीसाठी स्थळ पाहायचे तर चार गावांत चौकशी करतो. पण डोळ्याचे ऑपरेशन करायची वेळ आली, की शेजारी सांगेल त्या दवाखान्यात जाऊन बसतो. भेंडी जून निघाली तर एका वेळची भाजी वाया जाते. डोळा गेला तर तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

आपल्या उमेळ्याला दोन स्टेशने जवळ आहेत, नायगाव आणि वसई रोड. डोळ्यांच्या दवाखान्यांच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. गाडीत बसले की मुंबईची मोठी इस्पितळे. पूर्वी डॉक्टर मिळत नसे ही अडचण होती. आता इतक्यांतून कोणता निवडावा ही अडचण आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पाटी वाचता येते, कागद वाचता येतो. तर मग त्या पाटीवर आणि त्या कागदावर काय पाहावे, ते या धड्यात सांगतो.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या मधोमध काळी बाहुली असते. तिच्या मागे एक लहानसे भिंग असते. तरुणपणी ते काचेसारखे स्वच्छ असते. वय झाले की ते हळूहळू गढूळ होते. कंदिलाची काच धुराने काळी झाली की आत ज्योत असूनही उजेड कमी पडतो ना? तसेच हे. या गढूळ झालेल्या भिंगाला आपण मोतीबिंदू म्हणतो. कोणी नुसते ‘मोती’ म्हणतात.

मोतीबिंदू कोणत्याही थेंबाने विरघळत नाही. मधाने नाही, कांद्याच्या रसाने नाही, झाडपाल्याने नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी नवे बसवणे, हा एकच उपाय आहे. ‘आमच्या थेंबांनी मोती जातो’ असे कोणी म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा आणि घरी या.

मोती पिकू द्यावा का?

‘अजून पिकला नाही, पिकला की करू.’ हे वाक्य गावात घरोघरी ऐकू येते. हे आले कुठून, ते पाहू.

फार प्राचीन काळी आपल्या देशात मोतीबिंदूवर उपचार होत असे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. सुईसारख्या हत्याराने गढूळ भाग बाजूला सारीत. उजेड आत जाई आणि माणसाला दिसू लागे. पण पुढे यांतले पुष्कळ डोळे बिघडत. इ. स. १७४७ मध्ये दाव्हिएल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. तरी त्या जागी घालायला दुसरे भिंग नव्हते. म्हणून रोग्याला जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. जखम मोठी, कित्येक दिवस पाठीवर निजून राहायचे, आणि पुढे तो जाडजूड चष्मा. एवढा त्रास घ्यायचा तर अगदीच दिसेनासे झाल्यावर घ्यावा, असे डॉक्टरही सांगत. ‘पिकू द्या’ हा सल्ला त्या काळचा आहे.

पुढे काळ बदलला. १९४९ साली लंडनमध्ये रिडली नावाच्या डॉक्टरने डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवले. १९६७ साली अमेरिकेत केलमन नावाच्या डॉक्टरने एक यंत्र वापरात आणले. कानाला ऐकू न येणाऱ्या सूक्ष्म कंपनांनी ते भिंगाचे बारीक तुकडे करते आणि ओढून घेते. आता छेद अडीच-तीन मिलिमीटरचा पुरतो. बहुतेक माणसे त्याच दिवशी घरी येतात.

म्हणून आता पिकण्याची वाट पाहायची नाही. आपले रोजचे काम अडते का, ते पाहायचे. बसची पाटी वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरतो, पायरीचा अंदाज चुकतो. असे होऊ लागले की डॉक्टरकडे जावे. वर्षानुवर्षे थांबले तर मोती कठीण होतो आणि काढायला अवघड जातो. कधी तो डोळ्यात फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि नजर कायमची जाते.

पण उलट बाजूही ध्यानात ठेवा. तुमचे काम मुळीच अडलेले नाही, आणि कोणी म्हणतो, ‘उद्याच करा, नाहीतर डोळा जाईल.’ अशा वेळी घाबरून सही करू नका. साध्या मोतीबिंदूला बहुतेक वेळा काही आठवडे थांबता येते. तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरला डोळा दाखवून घ्या. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

पाटीवर काय वाचावे?

डोळ्यांच्या कामात तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिला चष्मेवाला. तो काच कापतो, चष्मा बसवून देतो. दुसरा ऑप्टोमेट्रिस्ट. तो यंत्रावर नंबर काढतो, तपासणीत मदत करतो. दोघेही उपयोगी आहेत. पण ऑपरेशन हे त्यांचे काम नव्हे. तिसरा नेत्रतज्ज्ञ डॉक्टर. त्याने आधी एम. बी. बी. एस. केलेले असते आणि पुढे डोळ्यांचे वेगळे शिक्षण घेतलेले असते. त्याच्या नावापुढे एम. एस., डी. एन. बी., डी. ओ. किंवा डी. ओ. एम. एस. अशी अक्षरे दिसतात.

इथे एक गोम आहे. ‘एम. एस.’ हाडांच्या डॉक्टरच्या नावापुढेही असते, पोटाचे ऑपरेशन करणाऱ्याच्या नावापुढेही असते. म्हणून कंसात ‘नेत्र’ किंवा ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ हा शब्द आहे का, ते पाहावे. तो शब्द लांबलचक आहे. हळूहळू अक्षरे जुळवा, येईल वाचता.

दुसरी गोष्ट नोंदणी क्रमांकाची. महाराष्ट्रात अशा डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. तो क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि औषधाच्या चिठ्ठीवर छापायचा, असा नियम आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईलवर परिषदेची नोंदवही पाहायला सांगा. डॉक्टरचे नाव तिथे सापडले पाहिजे.

रस्त्यावर बसणारा वैदू, जत्रेतला डोळे धुणारा, यांच्याकडे जाऊ नका. औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणू नका. भातकापणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाते. डोळा लाल होतो, पाणी गळते. कोणी तरी जुनी बाटली देतो, ‘दोन थेंब टाक, उतरेल.’ त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली तात्पुरती कमी होते, पण आत जखम चिघळत जाते. शेवटी बुबुळावर पांढरे फूल पडते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला लगेच दिसते म्हणतात. आपल्या डोळ्यातले मात्र डॉक्टरलाच दाखवावे, आणि त्याच दिवशी.

तपासणी पुरी झाली का?

डॉक्टरची परीक्षा ऑपरेशनच्या आधीच होते. तो डोळा कसा तपासतो, ते पाहा.

पुऱ्या तपासणीत या गोष्टी होतात. एकेक डोळा झाकून अक्षरे वाचायला लावतात. डोळ्यातला दाब मोजतात. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा पाहतात. रक्तदाब मोजतात, रक्तातली साखर पाहतात. डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढतात. घाईने बॅटरी मारून ‘मोती आहे, मंगळवारी या’ असे सांगितले, तर ती तपासणी नव्हे.

पडदा का पाहायचा? जुन्या तंबूतला सिनेमा आठवा. यंत्राचे भिंग नवे कोरे बसवले, पण समोरचा पडदाच फाटका असेल, तर चित्र नीट दिसेल का? डोळ्याच्या आतही पडदा असतो. साखरेच्या रोगाने तो खराब होतो. काचबिंदू नावाच्या रोगात डोळ्यामागची शीर मरत जाते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. जी उरली आहे ती औषधाने राखता येते. म्हणून मोती काढल्यावर किती दिसेल, हे पडदा आणि शीर यांवर ठरते. चांगला डॉक्टर हे आधी सांगतो.

आपणही काही लपवू नये. साखर, रक्तदाब, दमा, हृदयाचा आजार, सगळे सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे, पण मनाने बंद करू नये. म्हातारपणी लघवी अडते म्हणून पुरुष गोळी घेतात. त्यांतल्या काही गोळ्यांमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. लाज न धरता तेही सांगावे. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या, हे सर्वांत सोपे.

काय विचारावे?

पुष्कळ लोक डॉक्टरपुढे गप्प बसतात. विचारले तर साहेब रागावतील, अशी भीती वाटते. डोळा आपला आहे, विचारायचा हक्कही आपला आहे. समजा, एक आजी आपल्या मुलाबरोबर गेल्या आहेत. बोलणे असे व्हावे :

आजी : डॉक्टरसाहेब, माझ्या डोळ्याला झालंय तरी काय?

डॉक्टर : आजी, उजव्या डोळ्यात मोती आहे. डाव्यातही आहे, पण थोडा आहे. आधी उजवा करू. तो बरा झाला की डाव्याचं बघू.

आजी : मग मला सुईत दोरा ओवता येईल का?

डॉक्टर : तुमचा पडदा चांगला आहे. लांबचं चांगलं दिसेल. सुईदोऱ्याला मात्र चष्मा लागेल.

मुलगा : ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? आतापर्यंत अशी किती केलीत?

डॉक्टर : मीच करणार. दर आठवड्याला करतो.

मुलगा : यात धोका काय?

डॉक्टर : बहुतेक डोळे चांगले होतात. पण पक्की हमी कोणी देऊ नये. क्वचित जंतू लागतात, क्वचित भिंगाची पिशवी फाटते. तसं झालं तर काय करायचं, तेही सांगतो.

मुलगा : आणि रात्री आईचा डोळा दुखू लागला तर?

डॉक्टर : हा फोन नंबर कागदावर लिहून देतो. कोणत्याही वेळी करा.

जो डॉक्टर अशी उत्तरे देतो, तो निवडण्याजोगा. ‘काही होत नाही हो, तुम्ही फक्त सही करा’ असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा विचार करून जावे. सहीचा कागद वाचून घ्यावा. तो संमतीचा कागद असतो. आता अंगठा नाही, आपण सही करतो. मग काय लिहिले आहे ते वाचूनच करावी. कळत नसेल तर मराठीत सांगायला लावावे.

हात सरावाचा हवा

डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. लातूर जिल्ह्यातल्या लहान खेड्यातून ते आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. हे रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. लहाने यांनी लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात जाऊन त्यांनी कुष्ठरोग झालेल्यांचेही डोळे केले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

याचा अर्थ सगळ्यांनी एकाच नावामागे धावावे असा नव्हे. एक माणूस सगळ्या महाराष्ट्राचे डोळे कसे करील? ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की सरकारी रुग्णालयातही उत्तम हात असतात, आणि हात सरावाने तयार होतो. मोठ्या शिक्षण-रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरही असतात. ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथेही ‘ऑपरेशन कोण करणार आणि शेजारी कोण उभे राहणार’ हे विचारावे.

फुकट की महाग?

आपल्या देशात अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून सरकारी रुग्णालयांत आणि काही सेवाभावी संस्थांत मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते. म्हणून पैसा नाही म्हणून आंधळे राहण्याचे कारण नाही. वसई गावातल्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आधी विचारावे, की डोळे तपासण्याची सोय कुठे आहे आणि कोणत्या वारी. मुंबईला जे. जे. ला जायचे तर नायगावहून दादर, तिथे मध्य रेल्वेची गाडी बदलून भायखळा.

खाजगी दवाखान्यात जायचे तर सगळा खर्च कागदावर लिहून मागावा. भिंग, तपासण्या, औषधे, नंतरच्या फेऱ्या, सगळे धरून. महाग भिंग म्हणजे जास्त नजर, असे नाही. लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारी भिंगे निघाली आहेत. ती प्रत्येक डोळ्याला मानवत नाहीत. काहींना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. साधे एका नंबरचे भिंग आणि वाचायला चष्मा, यावर बहुतेकांचे काम छान चालते. त्यासाठी वाडी गहाण टाकू नये. भिंगाचा नंबर असलेले कार्ड मिळते. ते रेशनकार्डासारखे जपून ठेवावे.

गावात तपासणीचे शिबीर भरले तर जरूर जावे. पण शिबिरात फक्त तपासणी व्हावी. ऑपरेशन इस्पितळाच्या स्वच्छ ऑपरेशन-खोलीतच व्हावे. शाळेच्या वर्गात किंवा मांडवात कोणी करू म्हटले तर नाही म्हणावे.

ऑपरेशननंतरचा डॉक्टर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशनला अर्धा तासही लागत नाही. पण डोळा पूर्ण बरा व्हायला महिना-दीड महिना जातो. डॉक्टर निवडायचा तो या महिन्या-दीड महिन्यासाठी.

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका इस्पितळात मोतीबिंदूची ऑपरेशने झाली. सात जणांच्या डोळ्यांत जंतू शिरले. त्यांतल्या काहींची त्या डोळ्याची नजर गेली. इस्पितळ शहरातले होते. तेव्हा जंतू कुठेही शिरू शकतो. तो शिरला, तर डोळा वाचणे तासांवर असते. सकाळी दुखू लागले आणि संध्याकाळी औषध सुरू झाले, तर आशा असते. चार दिवस अंगावर काढले तर ती उरत नाही.

म्हणून या खुणा पाठ करा. डोळा जास्त दुखणे. लाली वाढणे. पू किंवा चिकट पाणी येणे. आलेली नजर पुन्हा कमी होणे. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘सून माहेरी गेली आहे, सोमवारी जाऊ’ असे म्हणायचे नाही.

मग निवडताना स्वतःला विचारा. पहिल्या दिवसाची पट्टी सोडायला कोण नेणार? आठवड्याची फेरी जमेल का? रात्री शेवटची गाडी गेल्यावर दुखले तर कुठे जायचे? दूरचा नामांकित डॉक्टर एकदाच भेटणार असेल, आणि जवळचा चांगला शिकलेला डॉक्टर रोज भेटणार असेल, तर जवळचा बरा. दूर जायचेच असेल तर ‘अडीअडचणीला वसईत कोणाला दाखवू’ हे आधीच विचारून ठेवावे, आणि सगळे कागद पिशवीत ठेवावे.

आपले कामही नीट करावे. थेंब टाकण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. डोळा चोळू नये. डॉक्टर सांगेपर्यंत चुलीच्या धुरापासून आणि शेतातल्या धुळीपासून लांब राहावे. कधी काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसते. मोती परत आला असे लोक म्हणतात. मोती परत येत नाही. भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते. लेझर किरणांनी ती थोड्या वेळात साफ होते. त्याला कापावे लागत नाही.

शेवटी घरातल्या इतरांचेही डोळे आठवा. साखरेचा रोग असेल त्याने चांगले दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा दाखवावा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सर्वांनी दाब मोजून घ्यावा. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरे दिसले किंवा डोळा तिरळा वाटला, तर लगेच न्यावे. मी शाळामास्तर होतो म्हणून एक सांगतो. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेले मूल ढ नसते. त्याला चष्मा लागतो.

वर्गात बोला

१. ‘पिकल्यावर करू’ हा सल्ला आता का चालत नाही?

२. औषधाची एखादी चिठ्ठी आणा. तिच्यावर डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक शोधून वाचा.

३. ऑपरेशनपूर्वी डोळ्याचा पडदा का पाहतात?

४. ऑपरेशननंतर डॉक्टर लगेच गाठावा, अशा चार खुणा सांगा. त्या वहीत लिहा आणि घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.